शेतीच्या अडचणी आणि मोबाईलवरील विचारविनिमय

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात शेतकऱ्यांचे मोबाईलवरील गट फार मोठ्या संख्येने निर्माण झाले आहेत. कोणी कापसाचा, कोणी सोयाबीनचा, कोणी डाळिंबाचा, तर कोणी केवळ आपल्या गावापुरता असा गट चालवितो. सकाळी दूध काढून झाल्यावर आणि रात्री जेवणानंतर या गटांतून पिकांची छायाचित्रे, बाजारभाव, हवामानाचे अंदाज आणि नाना प्रकारचे प्रश्न यांची देवाणघेवाण चालते. ज्या शेतकऱ्यास पूर्वी एखाद्या शंकेसाठी तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत, त्यास आता बांधावर उभे राहून शंभर जणांस विचारता येते. ही सोय लहान नव्हे. परंतु या सोयीचा अडचण सोडविण्याच्या कामी खरोखर किती उपयोग होतो, याचा विचार शेतकरी बांधवांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आता करावयास हवा. आमच्या मते हा उपयोग आज होऊ शकतो त्याच्या निम्मादेखील होत नाही, आणि त्याचे कारण यंत्रात नसून चर्चेच्या रीतीत आहे.

श्रावणातील नेहमीचा प्रश्न घ्या. गटावर एक ओळ येते : “सोयाबीन पिवळे पडले आहे, काय फवारू?” सोबत एक छायाचित्र असते, त्यात हिरवा-पिवळा रंग दिसतो, बाकी काही दिसत नाही. पाच मिनिटांत उत्तरे येऊ लागतात. एक जण युरिया द्या म्हणतो. दुसरा सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली सुचवितो. तिसरा आपण स्वतः काय फवारले त्याच्या रिकाम्या डब्याचे चित्र पाठवितो. चौथा म्हणतो, काही करू नका, आपोआप जाईल. त्यानंतर कोणीतरी एका लग्नाची पत्रिका टाकतो आणि प्रश्न वर निघून जातो. विचारणाऱ्याने अखेर काय केले, आणि त्याचे पीक सुधारले की गेले, हे कोणासच कळत नाही. पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात तोच प्रश्न, त्याच गटावर, तितक्याच अपुऱ्या शब्दांत पुन्हा येतो.

वस्तुतः वरील चौघांपैकी प्रत्येकाचे उत्तर कोणत्या तरी शेतासाठी बरोबर आहे. सोयाबीन अनेक कारणांनी पिवळे पडते. जुनी, खालची पाने आधी आणि सारखी पिवळी होऊ लागली तर नत्र कमी पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी एक रोप मुळासकट अलगद उपटून गाठी पाहाव्यात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करीत आहे असे समजावे. याउलट शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः पाणी साचून राहिल्यावर, ते हमखास दिसते. अशा शेतातील पाणी चर काढून बाहेर घालविले आणि वाफसा आला की पीक पुष्कळदा सावरते. सावरले नाही तर लोहयुक्त फवारणीचा विचार करता येतो. पानांवर हिरवे-पिवळे ठिपके व चट्टे असून अशी झाडे शेतात विखुरलेली असतील तर तो पिवळा मोझॅक रोग असू शकतो. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. तेथे युरिया काय करणार? रोगट झाडे उपटून नष्ट करणे आणि माशीचा बंदोबस्त करणे हाच मार्ग राहतो. आणखी एक कारण खोडमाशीचे. खोड उभे चिरून पाहिले असता आत लालसर नागमोडी पोकळी आढळते. वरून पानावर कितीही फवारले तरी एकदा आत शिरलेल्या अळीचे त्याने फारसे बिघडत नाही.

याचा अर्थ असा की, जो शेतकरी “पिवळे पडले” एवढेच लिहितो तो प्रश्न विचारीत नाही, तो उत्तराची सोडत काढतो. पिवळेपणा कोणत्या पानांपासून सुरू झाला, शिरांचा रंग कोणता, सबंध शेतात आहे की सखल भागात की ठिकठिकाणी, पेरणी केव्हा झाली, वाण कोणते, जमीन हलकी की भारी, आठवड्यात पाऊस किती झाला, यापूर्वी काय दिले व काय फवारले, मूळ व खोड पाहिले काय, एवढे लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. लिहिण्याचा कंटाळा असेल तर बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवावे. छायाचित्रे तीन असावीत : दुरून शेताचे, जवळून एका झाडाचे, आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे. अनुभव असा आहे की ही माहिती गोळा करण्यासाठी शेतकरी शेतात वाकून पाहू लागला की निम्म्या वेळा उत्तर त्यालाच सापडते.

किडींच्या बाबतीतही हेच आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर येऊन पोहोचली. तिची ओळख दोन खुणांवरून पटते : डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण, आणि शेपटीकडील भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. कुरतडलेल्या पोंग्याचे अस्पष्ट चित्र पाठवून “ही कोणती अळी?” असे विचारणाऱ्यास कोणताही तज्ज्ञ खात्रीने उत्तर देऊ शकणार नाही. अळी तळहातावर घेऊन तिच्या डोक्याचे व शेपटीचे चित्र पाठविणाऱ्यास मात्र शेजारच्या गावचा शाळकरी मुलगाही बरोबर नाव सांगेल.

दूर बसलेल्या माणसांनी यंत्राच्या साहाय्याने एकत्र विचार करावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या अशाच मंडळांवरून हा प्रयोग घेतला होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावातील पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती जमत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत. प्रत्येक मंडळास एक अध्यक्ष व एक संयोजक असे. चर्चेत काय ठरले आणि कोणत्या शंका राहिल्या हे संयोजक लिहून पुण्यास पाठवी, व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली तेव्हा मंडळे असलेली काही गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फार थोडी होती. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

त्या रेडिओस एकच वाट होती. पुण्याहून शब्द गावात येई. गावाचा शब्द पुण्यास जाण्यास टपालाचे दिवस लागत. आजच्या मोबाईलला दोन्ही वाटा क्षणार्धात मोकळ्या आहेत. मग त्या काळच्या मंडळांना जे साधले ते आपल्या गटांना का साधू नये? आमच्या मते दोन गोष्टींची उणीव आहे. त्या मंडळात वीस माणसे होती व सारी एकमेकांस ओळखत होती. आज एका गटात एक हजाराहून अधिक सभासद घेता येतात आणि गटाचा मोठेपणा त्या आकड्यावर मोजला जातो. दुसरे असे की, त्या मंडळास संयोजक होता. आजच्या गटास ‘ॲडमिन’ असतो. तो सभासद घेतो व काढतो, परंतु चर्चा कोणत्या निर्णयास आली हे लिहून ठेवण्याचे काम आपले आहे असे त्यास वाटत नाही.

लिहून ठेवण्याचे काम क्षुल्लक वाटते, पण सामुदायिक ज्ञान त्यातूनच साठते. ज्या गटात एखादा सभासद दर रविवारी “या आठवड्यात आलेले प्रश्न, सुचविलेले उपाय, कोणी काय केले व काय झाले” एवढे दहा ओळींत लिहितो, त्या गटाजवळ दोन हंगामांत आपल्या शिवाराची अशी टिपणवही तयार होते की ती कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. यातील शेवटचा भाग, म्हणजे काय झाले ते कळविणे, सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सल्ला घेणाऱ्याने दहा दिवसांनी परत येऊन परिणाम सांगितला पाहिजे, असा दंडकच गटाने घालावा. उपाय लागू पडला नाही हे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. न लागू पडलेल्या उपायाची बातमी इतर पन्नास जणांचे पैसे वाचविते.

गटात मतभेद होतात. अनुभवी शेतकरी एक सांगतो, विद्यापीठाचा शास्त्रज्ञ दुसरे. अशा वेळी कोणाचा मान मोठा यावर वाद घालण्यापेक्षा शेतालाच विचारावे. एका बाजूच्या चार ओळींवर पहिला उपाय, पुढच्या चार ओळींवर दुसरा, आणि मधल्या चार ओळींवर काहीच नाही, असे करून आठवड्याने तिन्हींची छायाचित्रे गटावर टाकावीत. काहीच न केलेल्या ओळी ठेवणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या ओळींवाचून पीक औषधाने सुधारले की उघडीप मिळाल्याने सुधारले, हे सांगणार कोण? इंडोनेशियात १९८९ साली भातावरील किडींच्या प्रश्नातून शेतीशाळा सुरू झाल्या, व पुढे त्या आपल्या कृषि खात्यानेही चालविल्या. त्यांचा पायाही हाच आहे. शेतकऱ्यांनी दर आठवड्यास शेतात जावे, किडी व मित्रकीटक मोजावेत, दिसले त्याचे चित्र काढावे आणि मग सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. मोबाईलचा गट हा दोन शेतीशाळांच्या मधल्या दिवसांतील दुवा होऊ शकतो. शेतीशाळेची जागा तो घेऊ शकणार नाही, आणि घेऊही नये.

आता एका गंभीर बाबीकडे वळतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अंगावर संरक्षक साधने नसणे, डोक्याच्या वर गेलेल्या पिकात फवारणे आणि एकाहून अधिक औषधे एकत्र मिसळणे या गोष्टींची त्या वेळी बरीच चर्चा झाली. असे असूनही आज अनेक गटांवर “हे इतके, ते इतके, एकाच टाकीत” असे सल्ले बेधडक दिले जातात. सल्ला देणाऱ्यास टाकी पाठीवर घ्यावयाची नसते. बहुधा ती शेतमालकालाही घ्यावयाची नसते; ती एखाद्या मजुराच्या पाठीवर असते आणि तो मजूर त्या गटात नसतो. म्हणून औषधांच्या मिश्रणाचा सल्ला गटावर कोणीही देऊ नये, दिल्यास तो तत्काळ काढून टाकावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकेरी औषध सुचवितानादेखील व्यापारी नाव पुरेसे नाही. दोन निराळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक असू शकतो, आणि दोन्ही फवारणाऱ्याच्या हातून नकळत दुप्पट मात्रा जाते. घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, ते औषध त्या पिकासाठी व त्या किडीसाठी नोंदलेले आहे काय, आणि फवारणीनंतर काढणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे, हे सारे बाटलीवरील चिठ्ठीवर छापलेले असते. चिठ्ठीचे छायाचित्र गटावर टाकून मग बोलावे. विषबाधेची शंका येताच मात्र गटावर काहीही विचारीत बसू नये. रोग्यास व औषधाच्या डब्यास घेऊन थेट रुग्णालय गाठावे. डबा पाहिल्यावाचून डॉक्टरास योग्य उतारा ठरविणे कठीण जाते.

औषधविक्रेते गटात असावेत की नसावेत, हा वाद सर्वत्र आहे. त्यांना हाकलावे असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळ विक्रेते शेतीचे पदवीधर आहेत व त्यांची नजर चांगली असते. मात्र त्यांनी आपल्या नावापुढे दुकानाचे नाव लिहावे. सल्ला देणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे हे ऐकणाऱ्यास माहीत असले म्हणजे पुरे. शेतकरी दूधखुळा नाही.

गटात कोण नाही, याचाही विचार झाला पाहिजे. निंदणी, वेचणी, तोडणी ही कामे बव्हंशी स्त्रिया करतात. पानामागची माशी, बोंडावरील बारीक छिद्र, मुळाशी आलेली वाळवी त्यांच्या नजरेस आधी पडते. परंतु घरातील मोबाईल पुरुषाच्या खिशात असतो आणि गटातील सभासदांच्या नावांत स्त्रीचे नाव क्वचित आढळते. ज्यांनी पाहिले ते बोलत नाहीत आणि जे बोलतात त्यांनी पाहिलेले नसते, अशी ही स्थिती आहे. स्वयंसाहाय्यता गटांतील भगिनींना यात सामील करून घेणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना सहज शक्य आहे. ज्यांच्याकडे तसा मोबाईलच नाही त्यांच्यासाठी आठवड्याचे दहा ओळींचे टिपण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. त्यास खडूखेरीज खर्च नाही.

कार्यकर्ते म्हणतील, आमच्याकडे आधीच अनेक गावे आणि ढीगभर नोंदी आहेत. त्यात हे आणखी कोठून आणावयाचे? ही तक्रार खोटी नाही. परंतु दररोज दोनशे निरोप वाचणे हे त्यांचे काम नव्हे. प्रत्येक गावात टिपण ठेवणारा एक तरुण किंवा तरुणी शोधावी, आणि गटास जे सुटले नाही तेवढेच प्रश्न आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून घ्यावेत. ते कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे पाठवावेत व उत्तर परत आणावे. एकट्या शेतकऱ्याच्या तातडीच्या शंकेसाठी २००४ पासून चालू असलेले किसान कॉल सेंटर आहेच. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तेथे मिळालेले उत्तरही गटावर नोंदवावे, म्हणजे तोच प्रश्न वीस जणांना वीस वेळा विचारावा लागणार नाही.

काही अडचणी मात्र अशा असतात की त्यांवर एकट्याचे उत्तर संभवतच नाही. कापसावरील गुलाबी बोंडअळी ही त्यांतील मुख्य होय. २०१७ साली तिने विदर्भ, मराठवाडा व खानदेशात केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. ही अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पतंगांवर लक्ष ठेवणे भाग पडते. एका शेतातील कामगंध सापळ्यात सतत तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आले तर उपाय योजण्याची वेळ झाली असे समजतात. परंतु शिवारातील तीस शेतकऱ्यांनी आपापल्या सापळ्यांचे आकडे रोज सकाळी गटावर लिहिले, तर पतंग कोणत्या बाजूने वाढत आहेत हे सबंध गावास दिसते. ज्याच्या शेतात अजून दोनच पतंग आले तोही सावध होतो, डोमकळ्या वेचून नष्ट करतो, हिरवी बोंडे फोडून पाहतो. येथे कोणी कोणास सल्ला दिलेला नसतो. केवळ आकडे एकत्र आलेले असतात.

आणि मग फरदडीचा प्रश्न येतो. या अळीचा निर्वाह आपल्याकडे मुख्यतः कापसावर चालतो. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, सर्व शिवारातील कपाशी उपटली गेली तर तिचे चक्र तुटते. पाणी असलेल्या चार जणांनी मार्चपर्यंत फरदड ठेवली तर उरलेल्यांनी केलेले सारे वाया जाते. हे चौघे वाईट नसतात. त्यांना दोन वेचण्यांचे पैसे दिसत असतात, आणि ते सोडावयाचे तर हरभरा किंवा भुईमुगाचे बियाणे वेळेवर मिळेल काय, नांगरटीस ट्रॅक्टर मिळेल काय, या त्यांच्या खऱ्या अडचणी असतात. म्हणून ही चर्चा जानेवारीत रागारागाने न करता नोव्हेंबरात सुरू करावी. कोणाच्या किती एकरांवर फरदड राहण्याचा संभव आहे, त्यास कोणते पीक घेता येईल, कोणाकडे यंत्र रिकामे आहे, पऱ्हाट्या कोठे नेता येतील, हे गटावर एकेक करून मांडावे. मोबाईलवर ज्यांचे एकमत होणार नाही त्यांच्या घरी दोघातिघांनी जावे. शेजारच्या गावांच्या गटांनाही आपला निर्णय कळवावा, कारण पतंगास गावाची शीव ठाऊक नसते. यंदाच्या नोव्हेंबरात किमान लगतच्या दोन-तीन गावांनी हा प्रयोग करावा, आणि सापळ्यांचे पुढील हंगामातील आकडे या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडून आमच्याकडे पाठवावेत.